हरलेला डाव

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो. बळीची आठवण काढतो, घरोघरी ओवाळणी होते, व्यापारी नवी वही उघडतात. याच दिवसाला आणखी एक नाव आहे, पण ते घरात सहसा कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शिवपार्वती द्यूत खेळली अशी कथा आहे आणि त्या कथेच्या आधाराने वर्षातून एक दिवस फासे हाती घ्यायला जुन्या माणसांनी मुभा दिली होती. बाकीचे दिवस मात्र खेळाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. आज ही परवानगी मागायला कोणी येत नाही. सारीपाटाचा पट माळ्यावर गेला, कवड्या कुठल्याशा डब्यात पडल्या, आणि पट, फासे व प्रतिस्पर्धी असे तिघेही पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसले.

कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरकडे निघाले की वाटेत डिंगोरे लागते. जुन्नर तालुक्यातले हे गाव घ्या, नाहीतर त्याच्या अलीकडचे-पलीकडचे कोणतेही घ्या; सुटीच्या दिवशी चार पोरे माना खाली घालून एकत्र बसलेली आणि तोंडाने मात्र एकमेकांना हाका मारीत असलेली दिसली, तर ती भांडत नाहीत, खेळत आहेत, हे आता आजीलाही कळते. एकाच वयाची दहा पोरे, एकच खेळ, साधारण सारखेच फोन आणि खेळण्याचे तासही सारखे. वर्षभराने त्यांतला एक कुठल्या कुठे पुढे गेलेला असतो आणि नऊ जिथे होते तिथेच असतात. या एकाजवळ असे काय असते, जे त्या नऊ जणांजवळ नसते?

साहित्याची चर्चा करणाऱ्या अंकात हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण डाव हीसुद्धा एक रचना आहे. तिला आरंभ आहे, गुंतागुंत आहे, शेवट आहे. आणि कवितेप्रमाणेच तिच्यातही कसब कोणते आणि नुसती कसरत कोणती हे पारखावे लागते. ही पारख आपल्याकडे कोणी करीत नाही. वडील माणसे सगळ्याच खेळाला वेळेची नासाडी म्हणून मोकळी होतात, आणि पोरे जिंकणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रो’ म्हणून मोकळी होतात. दोन्ही पक्षांनी विचाराचे काम टाळलेले आहे.

या प्रश्नाला गावोगाव मिळणारी उत्तरे तीन. पहिले उत्तर, ‘त्याची बोटे वेगाने चालतात.’ दुसरे, ‘त्याच्याकडे भारी फोन आहे.’ तिसरे, ‘तो रात्रंदिवस खेळतो.’ फोनचे उत्तर लवकर निकालात काढता येते. मठ्ठ फोनवर चांगल्या खेळाडूचे नुकसान होते हे खरेच. पण भारी फोन सामान्य खेळाडूला फार तर लवकर हरायला मदत करतो. चांगला टाक मिळाला म्हणून अक्षर सुधारते, आशय सुधारत नाही.

बोटांचे उत्तर अधिक विचार करण्यासारखे आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ या अत्यंत वेगवान संगणकी युद्धखेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या डावांची नोंद तपासली आणि आपले निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. खेळाडू १६ ते ४४ वयाचे होते. समोर नवे दृश्य आल्यापासून हाताने पहिली हालचाल करीपर्यंतचा वेळ वयाच्या चोविशीपासूनच वाढू लागतो, असे त्यांना आढळले. चोविशीत म्हातारपण! ही बातमी वाचून पुष्कळांनी सुस्कारे सोडले. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. वयाने मोठे खेळाडू हळू झाले तरी त्या प्रमाणात मागे पडत नव्हते. खेळाच्या आज्ञांचा अधिक नेटका उपयोग करून, कमी खटपटीत अधिक काम उरकून ते ती तूट भरून काढीत होते. म्हणजे बोटांचा वेग कामाचा असतो, परंतु तो सर्वस्व नव्हे. वेग कमी झालेल्या माणसाला वाचवणारे काहीतरी दुसरे असते.

ते दुसरे काय, हे महाभारतकाराने फार सुंदर रीतीने सांगून ठेवले आहे. वनपर्वातली नलाची गोष्ट आपण दमयंतीसाठी वाचतो, हंसासाठी वाचतो. पण ती मुळात एका हरलेल्या खेळाडूची गोष्ट आहे आणि ती बृहदश्व ऋषी सांगतात तेही दुसऱ्या एका हरलेल्या खेळाडूला, युधिष्ठिराला. नल द्यूतात राज्य हरला, वनात भटकला आणि शेवटी बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. एकदा रथ भरधाव चालला असताना राजाने वाटेवरच्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहिले आणि त्याची पाने किती, फळे किती, हे क्षणात सांगून टाकले. नलाने रथ थांबवला, झाडाजवळ जाऊन मोजदाद केली. आकडा बरोबर निघाला. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. तेव्हा एका नजरेत राशीची संख्या कळणे, हीच अक्षविद्या. नलाने ती ऋतुपर्णाकडून घेतली आणि बदल्यात त्याला अश्वविद्या दिली.

आपल्याकडे ही नजर अगदीच अनोळखी नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मुरलेला व्यापारी क्रेटकडे एकवार पाहतो आणि भाव बोलतो. नवखा माणूस एकेक फळ दाबून पाहत बसतो आणि तरीही फसतो. मुरलेल्या माणसाला फळे दिसतच नाहीत. त्याला माल दिसतो.

ऋतुपर्णाच्या या नजरेची विसाव्या शतकात प्रयोगाने परीक्षा झाली आणि ती बुद्धिबळाच्या पटावर झाली. आड्रियान द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगला बुद्धिबळपटू होता. थोर खेळाडू सामान्य खेळाडूंपेक्षा पुढच्या खूप अधिक खेळ्या मोजीत असतील, असे सर्वांनाच वाटत होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने दाखवले की तसे नाही. मोजणीची खोली दोघांचीही जवळजवळ सारखीच असते. पण थोर खेळाडू मोजायला बसतो ती खेळीच मुळात चांगली असते. वाईट खेळ्या तो नाकारीत नाही. त्या त्याला दिसतच नाहीत.

पुढे १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा प्रयोग केला. प्रत्यक्ष सामन्यातला, पंचवीसेक मोहरे असलेला डाव पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि दुसऱ्या पटावर तसाच मांडायला सांगायचा. उस्तादाने पहिल्याच नजरेत सुमारे १६ मोहरे बरोबर मांडले, मधल्या दर्जाच्या खेळाडूने ८ आणि नवशिक्याने ४. यावरून उस्तादाची स्मरणशक्ती दांडगी असे म्हणण्याचा मोह होतो. म्हणून त्यांनी तेच मोहरे पटावर वाटेल तसे, अर्थहीन रीतीने पसरून दाखवले. तेव्हा उस्तादाची मिजास उतरली आणि त्याच्यात व नवशिक्यात फारसा फरक उरला नाही. उस्तादाजवळ स्मरणाचे मोठे कोठार नव्हते, अर्थाचे होते. किल्ला करून बसलेला राजा, त्याच्यावर रोखलेला उंट, अडकून पडलेले प्यादे, अशा ओळखीच्या जुळण्या त्याला दिसत होत्या. आपण ‘दिवाळी’ हा शब्द वाचतो तेव्हा द, व, ळ अशी अक्षरे मोजत नाही, तसेच हे.

मोबाइलवरच्या युद्धखेळांतही हेच दिसून येते. ‘बीजीएमआय’ हे नाव ज्या घरात ऐकू येत नाही असे घर आता विरळा. शंभरेक खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकुंचन पावत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. सामान्य खेळाडूला गोळीचा आवाज आला की तो आवाजाकडे धावतो. कसलेला खेळाडू त्याच आवाजात तीन गोष्टी ऐकतो. तिथे दोन गट गुंतलेले आहेत, म्हणजे इतक्या वेळापुरती ही बाजू मोकळी आहे. वर्तुळ पुढच्या वेळी आकसले की त्यांना याच चढावरून यावे लागेल. तेव्हा आपण आत्ताच त्या चढाच्या माथ्यावर जाऊन बसावे. मग ते चढून येतात आणि तो त्यांना टिपतो. बघणारा म्हणतो, ‘काय बोटं आहेत!’ वस्तुतः बोटांचे काम शेवटच्या अर्ध्या सेकंदाचे होते. डाव त्याआधीच दोन मिनिटे जिंकलेला होता.

इथवर आले की तिसरे उत्तर पुढे सरसावते: नजर येते ती खेळूनखेळूनच ना? मग रात्रंदिवस खेळणाऱ्यालाच ती येणार! या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्यच अधिक फसवे असते. कचेरीत तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाचे अक्षर तीस वर्षांत सुधारलेले नसते. रोज स्वयंपाक करणारी प्रत्येक गृहिणी सुगरण होत नाही, आणि हे सांगायला दिवाळीच्या फराळाइतका चांगला पुरावा दुसरा नाही. केवळ पुन्हा पुन्हा केल्याने हात बसतो; पण चुकीच्या जागीही तो तितकाच घट्ट बसतो.

काव्य कशाने निर्माण होते, हा प्रश्न मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभी घेतला आहे. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. जन्मजात शक्ती, लोक, शास्त्र आणि पूर्वीची काव्ये यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता, आणि अभ्यास. यांत दोन बारकावे आहेत. पहिला असा की, या तीन गोष्टी म्हणजे तीन निरनिराळी कारणे नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण, असे तो बजावतो आणि म्हणून शब्दही एकवचनी योजतो. दुसरा बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अभ्यास म्हणताना तो नुसती उजळणी म्हणत नाही. जो काव्य जाणतो त्याच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास, असे म्हणतो. जाणत्याची नजर अभ्यासात हवी. ती नसेल तर उरते ते गिरवणे.

रात्रंदिवस खेळणाऱ्या नऊ जणांचे नेमके इथे चुकते. त्यांच्याजवळ शक्ती नसते असे नाही. तासही ते कमी घालवीत नाहीत. पण एक डाव हरला की ते दुसऱ्या क्षणी पुढचा डाव सुरू करतात. रागाने करतात, चडफडत करतात, मघाचे उट्टे काढायला करतात. मघाच्या डावाकडे मात्र वळून पाहत नाहीत. महाभारतात याचाही नमुना आहे. युधिष्ठिर सर्वस्व हरला, द्रौपदीमुळे सारे परत मिळाले, रथ इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि पुन्हा बोलावणे येताच तो परतला, तोच पट, तोच शकुनी, आणि पुन्हा हरला. दोन डावांच्या मध्ये तो काहीही शिकला नव्हता. धर्म जाणणारा हा राजा खेळाडू म्हणून अगदी सामान्य. त्याला द्यूताची आवड होती, द्यूत येत नव्हते. नलही हरला, पण हरल्यावर त्याने फासे दूर ठेवले, वर्षे काढली, आणि जाणता भेटला तेव्हा त्याच्यापुढे शिष्य म्हणून उभा राहिला. अक्षविद्या मिळताच त्याच्या शरीरात दडून बसलेला कली बाहेर पडला, असे कथा सांगते. पुराणातले हे रूपक सोडवून सांगण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

परंतु हरलेला डाव पाहायचा म्हणजे त्यात नेमके काय पाहायचे? डावात आपले किती होते आणि नशिबाचे किती होते, ही रेघ प्रामाणिकपणे ओढायची. सामान्य खेळाडू ही रेघ ओढतो, पण सोयीने. जिंकला तर माझे कसब. हरला तर नेट गेले, साथीदार कच्चा निघाला, समोरच्याने लबाडी केली. अशा माणसाला दैव कधी सोडत नाही, कारण सगळ्या चुका त्याने दैवाच्या खात्यावर मांडलेल्या असतात. आणि ज्या चुका आपल्या नाहीतच त्या सुधारायच्या कशा?

याउलट, खरोखरीच दैवाने हरवले असे एक उदाहरण आपल्याच दोन खेळाडूंच्या कारकिर्दीत आहे. २०२० साली महामारीमुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड ऑनलाइन भरले. भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, वय अवघे चौदा. सहा पटांवरच्या या सामन्यांत पुरुष, स्त्रिया, मुले, मुली सारे एका संघात. ३० ऑगस्टला अंतिम फेरीत रशियाशी गाठ पडली. पहिला सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात अचानक संपर्क तुटला. जगभरच इंटरनेटच्या एका मोठ्या सेवेत त्या वेळी बिघाड झाला होता. निहाल सरीन आणि दिव्या यांची घड्याळे चालत राहिली आणि वेळ संपून दोघांचेही डाव गेले. भारताने दाद मागितली आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

या निकालावर आपण आनंद केला आणि तो योग्यच होता. पण टीकाकाराला गोष्टीची दुसरी बाजूही सांगावी लागते. याच स्पर्धेत उपउपांत्य फेरीत भारताशी खेळताना आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटून तो डाव गेला होता. त्यांची दाद फेटाळली गेली आणि ते निषेध म्हणून दुसरा सामना खेळलेच नाहीत. दैव एकाच पक्षाला छळते असे कधी नसते. ज्याला ही दोन्ही उदाहरणे एकदम आठवतात, त्याची रेघ सरळ ओढली जाण्याची शक्यता अधिक.

दिव्याच्या त्या डावापुरते बोलायचे तर तारेने हरवलेल्या डावातून शिकण्यासारखे काही नसते. तो बाजूला ठेवावा आणि जे आपल्या चालींनी हरलो ते डाव पुढे घ्यावेत. पाच वर्षांनी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बाटुमी येथे तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. स्पर्धेत तिला मानांकन होते पंधरावे. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हम्पी, २०२०च्या त्याच संघातली तिची ज्येष्ठ सहकारी. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत सुटला, दुसरा दिव्याने जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. इतक्या उंचीवर दोघींच्या शक्तीत आणि तासांत फारसा फरक नसतो. तिथे शेवटच्या काही मिनिटांत कोणाला अधिक स्पष्ट दिसते, एवढाच प्रश्न उरतो. आणि स्पष्ट दिसण्याची तयारी डावाबाहेर झालेली असते.

कसब किती आणि नशीब किती, ही रेघ आपल्या न्यायालयांनीही ओढली आहे. जुन्या वाचकांना बक्षिसांची शब्दकोडी आठवत असतील; त्यांनी कित्येक घरांतला महिन्याचा पगार खाल्ला. मुंबई राज्याने अशा स्पर्धांवर कायदा केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली चामरबागवाला खटल्यात न्यायालयाने सांगितले की जिथे यश मुख्यतः कसबावर अवलंबून नाही, ती स्पर्धा म्हणजे जुगारच. तिला व्यापाराचे संरक्षण मिळणार नाही. पुढे १९६८ साली रमीच्या बाबतीत त्याच न्यायालयाने म्हटले की, पडलेली पाने लक्षात ठेवणे, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे हे ठरवणे, यांत बरेचसे कसब आहे.

‘कसबाचा खेळ’ या शब्दांना त्या दिवसापासून बाजारभाव आला. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी ते शब्द जाहिरातीत इतके वापरले की, खेड्यापाड्यातल्या पोराला वाटू लागले, आपण पैसे लावीत नाही, आपले कसब लावतो आहोत. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कसबाचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक खेळांना निराळी मान्यता दिली. कायद्याच्या बारकाव्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. न्यायालयाची रेघ खेळाला लागू पडते, खेळाडूला नाही. रमी कसबाची आहे याचा अर्थ रमी खेळणाऱ्या प्रत्येकाजवळ कसब आहे, असा होत नाही. बुद्धिबळाइतका कसबाचा खेळ दुसरा नसेल. तरीही जो आपल्या हरलेल्या डावाकडे बघत नाही, तो बुद्धिबळसुद्धा फासे टाकल्यासारखेच खेळतो. खेळ कसबाचा आणि खेळाडू जुगारी, असे पुष्कळदा असते. जाहिरातदारांनी नेमका हाच फरक झाकून ठेवला आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही यादीत लागत नाहीत.

आता डिंगोऱ्याच्या त्या दहा पोरांकडे येऊ. जाणत्याशिवाय अभ्यास नाही हे खरे असेल, तर या गावात जाणता आणायचा कुठून? पुण्यात शिकवणी आहे, नाशिक-नागपुरात मंडळे आहेत, इथे काय? ही अडचण वीस वर्षांपूर्वी फार मोठी होती. आज बुद्धिबळापुरती तरी ती पुष्कळ कमी झाली आहे. लिचेससारख्या स्थळावर एक पैसाही न देता खेळता येते. आपली प्रत्येक चाल तिथे नोंदली जाते आणि डाव संपल्यावर कोणत्या चालीला पारडे फिरले, हे यंत्र दाखवून देते. इतर पुष्कळ खेळांतही झालेला डाव पुन्हा पाहण्याची सोय असते. सोय सर्वांना आहे. दहांतला एकच ती वापरतो.

यंत्राविषयी मात्र एक इशारा द्यायला हवा. यंत्र चूक दाखवते, कारण सांगत नाही. अमुक चाल वाईट होती हे ते सांगेल. ती तुम्ही घाईने केलीत, की भीतीने, की समोरच्याला कमी लेखून, हे त्याला ठाऊक नाही. ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्यालाही विचारल्याशिवाय आठवत नाही. म्हणून आधी आपण आपली चूक शोधावी, मग यंत्राला विचारावे. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले असते. ते आधी पाहणाऱ्याला गणित येत नाही, हे शाळेतल्या प्रत्येक मास्तरांना माहीत आहे.

आणि जाणता म्हणजे ग्रँडमास्टरच असला पाहिजे असेही नाही. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत बैलगाड्यांचे घाट भरतात. बारी काही सेकंदांची; निकाल सेकंदाच्याही तुकड्यांवर. बारी संपल्यावर काही गाडामालक घाटाला, नाहीतर नशिबाला बोल लावतात. जो खरा जाणता असतो तो बैलांजवळ जातो, कोणता बैल कुठे दबकला, जुंपताना काय राहिले, हे पाहतो, सोबतच्यांना विचारतो. या मुलुखातल्या म्हाताऱ्या माणसांना मोबाइलचा खेळ कळत नसेल, पण हरलेल्या बारीनंतर काय करावे हे त्यांना पक्के कळते. नातवाच्या खेळात त्यांनी लक्ष घातले तर त्यांना वाटते तितके ते परके ठरणार नाहीत.

या सगळ्यातून शक्तीला, म्हणजे जन्मजात देणगीला, मी वगळतो आहे असे कोणी समजू नये. मम्मटाने ती पहिली मांडली ती उगीच नव्हे. दहा पोरांनी दहाही डाव प्रामाणिकपणे तपासले तरी दहा दिव्या देशमुख निघणार नाहीत. ई-स्पोर्ट्सची मोठमोठी संमेलने आता भरतात. २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळांना पदके होती. २०२५ साली रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळही होते आणि ते मॅग्नस कार्लसनने जिंकले. ही नावे ऐकून शाळा सोडावी, शेत टाकावे आणि फोन घेऊन बसावे, असा सल्ला शहाणा माणूस देणार नाही. शिखरावर जागा थोड्या असतात, आणि पोट शिखरावर भरत नाही.

पण सामान्य आणि कसलेला यांच्यामधले जे अंतर आहे, ते बहुतेकांच्या बाबतीत देणगीने अडलेले नसते; तपासणीने अडलेले असते. आणि ही सवय एकदा जडली की खेळापुरती राहत नाही. कांद्याचा भाव पडला तेव्हा बाजाराचे किती आणि माझ्या साठवणीचे किती, परीक्षेत गुण गेले तेव्हा पेपराचे किती आणि माझे किती, ही रेघ ओढायला शिकलेले पोर घरालाच हवे असते. म्हणून आईवडिलांना माझी एक सूचना आहे. ‘किती वेळ खेळत होतास?’ हा प्रश्न दिवसातून दहादा विचारला जातो आणि त्याचे उत्तर दहाही वेळा खोटे मिळते. त्याऐवजी एकदा, जेवताना, सहज विचारून पाहावे: ‘अरे, कालचा डाव कुठे हरलास?’ ‘नेट गेलं’ असे उत्तर आले तर एक दिवस मान्य करावे. रोज तेच आले, तर तो खेळत नाही, खेळवला जातो आहे, हे ओळखून फोन काढून घ्यावा. त्याने खेळाचे काहीही नुकसान होणार नाही. पण पोर जर ताटातल्या चिवड्याचे दाणे बाजूला करून मांडू लागले, ‘मी इथे होतो, तो इथून आला, आणि मी मागे पाहायला हवं होतं,’ असे सांगू लागले, तर चिवडा निवला तरी चालेल, त्याचे ऐकून घ्यावे.

नलाने शेवटी काय केले, तेही सांगायला हवे. अक्षविद्या घेऊन तो पुष्कराकडे गेला, एका डावात आपले राज्य परत मिळवले, आणि हरलेल्या भावाला न छळता, त्याचा वाटा त्याला देऊन, सन्मानाने घरी धाडले. हरणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते.